रिकाम्या बंदुकीचा नेम

१

कॉर्डेल सुटणार हे कळलं त्याच आठवड्यात मी बंदूक घ्यायला गेले.

कॉर्डेल म्हणजे माझा जावई. माझ्या डेलाचा हात त्याने स्वयंपाकघराच्या दारात घालून मोडला. न्यायाधीशाने त्याबद्दल त्याला एक उन्हाळा आत ठेवला. आमच्या डोंगरात शिकारीचा मोसम नसताना हरीण मारलं तर याहून जास्त शिक्षा होते. तुरुंगातून त्याने फोन करून डेलाला सांगितलं, "आवरून ठेव, न्यायला येतो." शेरीफच्या माणसाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "आला की कळवा, बाई."

"आला की, का मारून गेला की?" मी विचारलं. त्याने टोपी नीट केली आणि गाडीत बसला.

नवऱ्याची बंदूक त्याच्या आजारपणात विकली गेली होती. नवी घ्यायची तर कोंबड्यांच्या कारखान्यात मला हिवाळाभर फुकट राबावं लागलं असतं. म्हणून मी होबर्टकडे गेले. त्याच्या जुन्या पेट्रोल पंपात लाकडी खोकी रचलेली असायची. त्यांत युद्धातल्या रशियन बंदुका, ग्रीसमध्ये बुडवून कागदात गुंडाळलेल्या, लोणच्यातल्या मिरच्यांसारख्या. तिकडच्या सैन्याने टाकलेल्या, इकडे स्वस्तात आलेल्या. त्या वर्षांत आमच्याकडे ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याच्याकडे ही बंदूक होती.

"कुणासाठी?" होबर्टने विचारलं. "नवऱ्यासाठी?"

"नवरा मेलाय. मयताला तू जेवायला आला होतास."

"हां. हॅम बरा होता."

अशी बंदूक घ्यायची म्हणजे आधी तिचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढायचा आणि नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. बहुतेकींच्या नळ्या चुलीच्या धुराड्यासारख्या. मी दहाबारा बघून टाकल्या. मग खोक्यांच्या मागे, रॉकेलच्या डब्याला टेकवलेली एक दिसली. तिची नळी आतून आरशासारखी होती. किंमत मात्र इतरांच्या निम्मी.

"हिला काय झालंय?"

"काही नाही."

"मग निम्म्यात का देतोस? तू मेलेल्या आईचा चष्मासुद्धा पुऱ्या पैशात विकलास."

"घ्यायची तर घे, व्हर्ना. मी काही तुझ्या पाया पडायला आलो नाही."

घेण्याआधी खांद्याला लावून बघायची, ही रीत आहे. दस्ता आपल्या मापाचा आहे का ते त्याशिवाय कळत नाही. दार उघडं होतं, बाहेर रस्ता आणि पलीकडे पडीक शेत. मी तिकडे तोंड करून बंदूक उचलली, तर होबर्टने नळी धरली आणि मला जवळजवळ ओढून भिंतीकडे वळवलं.

"इकडे धर. कॅलेंडरवर."

"का? रस्त्यावर कोण आहे?"

"कोणी नाही," तो म्हणाला आणि काउंटरमागे गेला. मी बंदूक गालाला लावली तेव्हा तो खाली मान घालून सुतळी शोधत होता. सुतळी त्याच्या समोरच पडली होती.

जाताना म्हणाला, "परत आणू नकोस. परत घेत नाही."

"तू कधी काय परत घेतलंयस?" मी म्हटलं.

२

ती साफ करायला मला रविवार गेला. उकळतं पाणी, रॉकेल, नवऱ्याच्या जुन्या बनियनचे तुकडे. स्वयंपाकघरात ग्रीसचा असा वास सुटला की शिजत घातलेल्या घेवड्यालाही तो लागला. डेला कोपऱ्यात मोडका हात मांडीवर घेऊन बघत बसली होती. प्लास्टर निघालं होतं, पण कंप गेला नव्हता.

सगळं निघालं, एक सोडून. नळीवर नेमाची पट्टी असते आणि तिच्यावर एक छोटी कडी पुढेमागे सरकते. माणूस लांब असेल तर कडी लांबच्या खुणेवर न्यायची, जवळ असेल तर जवळच्या. हिची कडी अगदी टोकाला, सगळ्यात लांबच्या खुणेवर अडकली होती. मी रॉकेल सोडलं, लाकडी डावाने ठोकलं, शेवटी शिव्या दिल्या. हलली नाही.

"कुणाला मारत असतील इतक्या लांब?" डेलाने विचारलं. "दिसतं तरी का?"

"दिसत असेल त्यांना," मी म्हटलं. "तू घेवडा ढवळ."

काडतुसं मी एकच छोटी पेटी घेतली होती. ती ॲप्रनच्या खिशात ठेवली, कामावर जाताना कोटाच्या खिशात. घरात ठेवली नाहीत. डेला दुपारभर एकटी असायची, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय हे मला रोज कळत नव्हतं. एवढंच लिहिते.

आणि काडतुसं कमी म्हणून सराव रिकाम्या बंदुकीने. आमच्याकडे सगळे असंच शिकतात. नेम धरायचा, श्वास सोडायचा, चाप ओढायचा, खट्. बोल्ट मागे, बोल्ट पुढे, पुन्हा खट्. गरिबाचा हात असाच तयार होतो. माझ्या बापाने मला हेच शिकवलं. त्याने हे मात्र सांगितलं नव्हतं की पलीकडून कुणी बघत असेल तर त्याला काडतूस आहे की नाही ते कळत नाही.

३

आमचं घर खोऱ्याच्या शेवटाला. पुढे अंगण, मग फाटक, फाटकापलीकडे रस्ता, मग ओढा आणि त्यावर फळ्यांचा पूल. पुलापलीकडे समोरचा डोंगर. त्याच्यावरून विजेच्या तारा गेल्यात म्हणून झाडं कापून एक उघडा पट्टा केलाय, अगदी माथ्यापर्यंत.

मी फाटकाच्या खांबावर टिनचा डबा ठेवला आणि सकाळी कामावर जायच्या आधी ओसरीत उभी राहून सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी डब्याच्या वर, लांब त्या पट्ट्याच्या माथ्यावर, एक खुंट दिसला. कापलेल्या झाडाचा बुंधा असेल. मी खट् केलं आणि कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी कडी सरकलेली होती. थोडीशीच, एक खूण खाली. मला बरं वाटलं. चुलीच्या ऊबेने आतलं ग्रीस वितळलं असणार. मी बोटाने अजून खाली ढकलून बघितली तर घट्ट. वर ढकलली तर घट्ट.

त्या दिवशी खुंट माथ्यावर नव्हता. पट्ट्याच्या मध्यावर होता.

मी बंदूक खाली केली. डोंगर उघडा, दहिवर पडून पांढरा झालेला, एकही खुंट नाही. पुन्हा गाल लावला. होता.

मी म्हटलं, व्हर्ना, पन्नाशी उलटली, डोळे गेले. एक डोळा मिटला की दुसऱ्यासमोर काहीबाही येतं. मी कुंच्याचा दांडा खांद्याला लावून एक डोळा मिटून बघितला. डोंगर रिकामा. पुन्हा बंदूक घेतली. तो होता, आणि तो खुंट नव्हता. खुंटाला खांदे नसतात.

आणखी एक. गाल लाकडाला लागला की ओढ्याचा आवाज बंद व्हायचा. मी म्हटलं कान दाबला जातो. मग नुसत्या तळव्याने कान दाबून बघितला. ओढा ऐकू येत होता.

४

शहाणी बाई तिथेच थांबली असती. मी थांबले नाही. कॉर्डेल बारा वर्षांचा असल्यापासून हरणं मारतो आणि मी आयुष्यात खारीशिवाय काही मारलं नव्हतं. माझा हात स्थिर व्हायला हवा होता. म्हणून मी बंदूक खाली, डब्याच्याही खाली, गवतावर धरून सराव केला. वर बघायचं नाही असं ठरवून.

कडी तरी सरकत होती. मी जितकं खट् करीन तितकी ती खाली येत होती.

रविवारी चर्चहून आल्यावर मी एकदाच वर बघितलं. तो पुलावर उभा होता. पायांपर्यंत कोट, डोक्यावर काहीतरी. चालत नव्हता. मी जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा तो उभाच असायचा, जणू आताच थांबलाय. एवढ्या अंतरावरून माणसाचं तोंड दिसायला हवं. त्याच्या तोंडाच्या जागी काय होतं ते मला नीट दिसलं नाही, आणि मी नीट बघितलंही नाही.

मी बंदूक ठेवली, कोट चढवला आणि पुलावर गेले. हो, गेले. माझ्या जागेत कुणी उभं राहतं तर मी विचारणार. फळ्यांवर दहिवर जसंच्या तसं होतं, पक्ष्याचं पाऊलसुद्धा नाही. फक्त पूल वाजत होता. मी पाय ठेवायच्या आधीपासून, कुणाच्या तरी वजनाखाली फळी दबते तसा, थांबून थांबून.

घरी येऊन मी बंदूक कोटांच्या कपाटात मागे उभी केली आणि डेलाला म्हटलं, "हिला हात लावायचा नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"कॉर्डेलपण असंच म्हणायचा," ती म्हणाली.

५

कॉर्डेल सुटला. कारखान्यात मला एकीने सांगितलं, तो त्याच्या भावाकडे आहे, पितोय, आणि ट्रक दुरुस्त करतोय. मी घरी आले ती सरळ कपाटाकडे. कोट बाजूला केले. बंदूक होती तिथेच होती. कडी तळाच्या जवळ आली होती.

मी आठवडाभर तिला शिवले नव्हते.

डेला मक्याचा पाव तव्यातून काढत होती. मी बंदूक टेबलावर ठेवली.

"तू हिला हात लावलास?"

"नाही."

"डेला."

तिने तवा आदळला. "हो, लावला. मग? तू दिवसभर कोंबड्या कापायला जातेस. तो आला तर मी काय करू, त्याला पाव वाढू? तुझ्यासारखी ओसरीत उभी राहते आणि खट् खट् करते. हात कमी थरथरतो त्याने. तूच म्हणायचीस, बाई, जरा कणा दाखव. दाखवतेय."

ती किती दिवसांनी एवढं बोलली होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

"किती वेळा केलंस?"

"मोजलं नाही. सारखंच." मग ती खाली बसली. तिचा आवाज लहान मुलीचा झाला. "आई, तो फाटकापाशी उभा राहतो तो कोण गं?"

मी बंदूक तिच्यापासून लांब सरकवली.

"मला वाटलं कॉर्डेलने माणूस पाठवलाय. मी बंदूक खाली केली की तो नसतो. म्हणून मी खाली करतच नाही फार. दिसत असला की बरं वाटतं, कळतं तरी कुठे आहे ते." तिने उजवा हात पुढे केला, पंजा उघडा. "असा हात करून असतो. काहीतरी दे म्हणतो तसा."

"तू त्याच्यावर नेम धरलास?"

"तो येऊ नये म्हणून," डेला म्हणाली. "अजून कशावर धरणार?"

६

मी होबर्टला फोन केला.

"परत घेत नाही म्हटलं होतं," तो म्हणाला. मी नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं."

"मला काही माहीत नाही. मी ती कायम भिंतीकडे धरली." मग त्याचा श्वास ऐकू आला, जाडा, सिगारेटी ओढून फुकट गेलेला. "फाटकाच्या आत आलाय का?"

"तू माणूस आहेस का कोण आहेस, होबर्ट? घरात माझी पोर आहे."

"स्वस्त हवी होती ना तुला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ओढ्यात फेकायची होती मला ती. पण कॉर्डेल पाच मैलांवर ट्रकचं इंजिन खोलून बसला होता, आणि हातात काही नसलेल्या दोन बायका म्हणजे त्याच्यासाठी दोन कोंबड्या. मी ठरवलं, बंदूक नुसती दाखवायची. काडतूस भरून, आडवी धरून. गालाला लावायची नाही. तो दारुडा आहे, आडवी बंदूकही त्याला पुरे.

हे मी डेलाला सांगितलं. तिने मान हलवली. मान तिने लग्नातही हलवली होती.

७

तो शनिवारी दुपारी आला. मी मागे कोंबड्यांना दाणे टाकत होते. ट्रकचा आवाज ऐकला आणि दाणे टाकून पुढे धावले, पण ओसरीपर्यंत पोचेपर्यंत डेलाने बंदूक आणलेली होती. ती ओसरीच्या पायऱ्यांवर उभी होती, गाल दस्त्याला, एक डोळा मिटलेला.

कॉर्डेल अंगणाच्या मध्यावर होता. स्वच्छ दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. हसत होता.

"बघा सासूबाई, तुमची पोर मला सलामी देतेय. अगं, चाप कुठे असतो ते तरी माहीत आहे का? थांब, मी येऊन दाखवतो."

"जा तू," डेला म्हणाली. पण ती त्याच्याकडे बघून म्हणत नव्हती. नळी त्याच्यावर नव्हतीच. ती खूप जवळ, पायऱ्यांच्या अगदी खाली, काहीच नसलेल्या जागेवर रोखलेली होती. डेलाच्या तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता. बोट चापावर होतं. कडी मी बघितली. ती तळाला होती, आणखी खाली जायला पट्टीच उरली नव्हती.

"डेला, बंदूक दे."

"नाही. मला मग तो दिसणार नाही."

"मला दे."

मी तिच्या हातातून ती ओढून घेतली. त्या एका क्षणात नळीचं टोक माझ्याकडून नाही, पलीकडून ओढलं गेलं. हलकंसं. लहान मूल आईचा ॲप्रन ओढतं तसं.

काडतुसं माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. भरायला वेळ होता. कॉर्डेल रमतगमत येत होता, पायऱ्यांच्या दिशेने, सरळ त्या रिकाम्या जागेकडे, आणि बोलत होता. आता तो आम्हा दोघींना काय काय करणार ते सांगत होता, हसत हसत, घरच्या माणसासारखा. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात एकदम थंडावा आला.

मी बंदूक त्याच्याकडे फेकली.

त्याने ती झेलली. हरीण मारणारा माणूस बंदूक पडू देत नाही.

"घे," मी म्हटलं. "तुला बाईवर हात उचलता येतो, मला माहीत आहे. आता नेम धरता येतो का बघू. धर माझ्यावर. का तेवढा पुरुष नाहीस?"

"म्हातारी वेडी झाली," तो डेलाला म्हणाला. पण तो कॉर्डेल होता. त्याला असं म्हटलेलं सोसत नसे. त्याने बंदूक खांद्याला लावली, गाल टेकला आणि एक डोळा मिटला.

हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, फक्त ते आता त्याचं नव्हतं.

तो एक पाऊल मागे गेला. मग दुसरं. बंदूक त्याने खाली केली नाही. मला वाटलं तो पळेल, टाकून देईल. पण डेला म्हणाली तेच. खाली केली तर दिसणार नाही, आणि दिसलं नाही तर कळणार नाही. तो उलटा चालत अंगणातून मागे गेला, गाल दस्त्याला चिकटवून, आणि नळी सावकाश डावीकडे वळली, मग उजवीकडे, कुणीतरी त्याच्याभोवती फिरत असल्यासारखी. खट्, त्याने चाप ओढला. बोल्ट मागे, पुढे. खट्. तो मागच्या मागे फाटकातून गेला, ट्रकला धडकला, ट्रकच्या उघड्या दाराकडे त्याने बघितलंही नाही. पुलावर त्याच्या पावलांचा आवाज झाला. आणि त्याच्या पावलांच्या मधे मधे दुसरा.

पुलावर तो जरा थांबला तेव्हा मला एकदाच दिसलं. ऊन होतं. नळीच्या टोकावर ऊन चमकत होतं आणि मग चमकेना, कुणी मूठ वळल्यासारखं तेवढंच काळं झालं. तो मागे सरत नव्हता. कुणीतरी नळीला धरून त्याला मागे रेटत नेत होतं.

"व्हर्ना!" तो ओरडला. "काडतुसं!"

मी खिशात हात घातला. पेटी होती. पितळ गार लागलं.

"आई," डेला म्हणाली, "मी नेऊन देते. आई, तो मरेल."

मी तिचं मनगट धरलं, चांगलं, ज्या हातात कंप नव्हता ते. समोरच्या डोंगरावर, तारांच्या पट्ट्यातून, तो वर वर जात होता. खट्. खट्. आता तो मला आई म्हणून हाका मारत होता. सात वर्षांत पहिल्यांदा. मी ओसरीच्या खुर्चीवर बसले आणि डेलाला शेजारी बसवलं.

माथ्यावरच्या झाडांत गेल्यावर तो दिसेना. खटका मात्र बराच वेळ ऐकू येत होता, भरभर, मग आणखी भरभर. मग आला नाही.

८

शेरीफच्या माणसाने ट्रक ओढून नेला. कुत्री घेऊन ते दोन दिवस डोंगरावर होते. कुत्री पुलावरून पुढे गेली नाहीत, असं त्यांच्यातला एक जण सिगारेट ओढताना म्हणाला. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, आला, माझी बंदूक घेतली, डोंगरावर गेला. यात खोटं काही नाही. बंदूक सापडली नाही.

डेला आता शिवणकामाच्या कारखान्यात जाते. जेवते. परवा शेजारणीच्या पोराने काठी बंदुकीसारखी धरली तर तिने काठी हिसकावून चुलीत घातली, आणि मग पोराला जवळ घेऊन रडली.

मला वाईट वाटत नाही. कॉर्डेलचं तर नाहीच. मला पुन्हा तीच दुपार आली तर मी पुन्हा तेच करीन.

फक्त सकाळी ओसरीत उभी राहिले की डोंगर रिकामा दिसतो, पूल रिकामा, फाटक रिकामं, अंगण रिकामं. बंदूक असती तर निदान बघता आलं असतं, तो कुठवर आलाय.